जमिनीत पुरायची मडकी: उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात कितपत कामाची?

भाजीच्या बागेचा खरा कस लागतो तो उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात. झाडं भरात आलेली असतात, पानोळा वाढलेला असतो, फळं धरलेली असतात आणि माती मात्र खोलवर तापलेली असते. सकाळी पोटभर पाणी दिलेली मिरची दुपारी माना टाकते. संध्याकाळी पुन्हा झारी घेऊन उभं राहावं लागतं. एवढं करूनही टोमॅटोची फुलं गळतात आणि काकडी कडवट निघते ती निघतेच. या दिवसांसाठी म्हणून मी भाजलेल्या मातीची, जमिनीत पुरायची मडकी मागवली. गेल्या उन्हाळ्यात ती वाफ्यात बसवली, यंदाही तीच चालू आहेत. पुरलेल्या मडक्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर झाडं वाढवायच्या या पद्धतीचं मटका सिंचन हे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण तयार मडकी विकत घ्यावीत का, कोणत्या भाजीला ती मानवतात आणि कुठे त्यांचा काही उपयोग नाही, हे विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी घेतलेल्या संचात दोन मापं आहेत. लहान मडकं साधारण दोन लिटरचं, मोठं पाच-सहा लिटरचं. पोट गोल, मान अरुंद, तोंडावर मातीचंच झाकण. रंग पक्क्या विटेचा. आतून-बाहेरून कुठेही चकचकीत लेप नाही, आणि खरेदी करताना सगळ्यात आधी पाहायचं ते हेच. लेप दिलेलं मडकं दिसायला सुंदर असतं, पण त्यातून पाणी झिरपत नाही. म्हणजे ते जमिनीत पुरून काही साधत नाही.

भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. मडकं पुरून पाणी भरलं की भोवतालची कोरडी माती त्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली होत जाते तशी तिची ओढ कमी होते आणि झिरपणंही मंदावतं. झाडानं पाणी उचललं, माती पुन्हा सुकायला लागली, की ओढ परत सुरू. पाणी कधी आणि किती जायचं हे माती आणि मुळंच ठरवतात. त्यामुळे मुळांपाशी कायम वापसा राहतो: ओलही असते आणि हवाही खेळती असते. झारीनं पाणी देताना हे जमत नाही. दिल्याबरोबर चिखल होतो, दुपारपर्यंत वरची माती कडक होते, आणि झाडाला दोन्ही टोकं सोसावी लागतात.

युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या शेतीविषयक मजकुरात तिचं वर्णन सापडतं: खड्डा खणून त्यात शेणखत मिसळायचं, मधोमध मडकं असं पुरायचं की त्याचं तोंड जमिनीच्या पातळीला येईल, भोवती वेलफळाच्या चार बिया लावायच्या, तोंडावर कौल ठेवायचं आणि पाणी उतरलं की पुन्हा काठोकाठ भरायचं. दोन हजार वर्षांनंतर मी माझ्या काकडीच्या आळ्यात जवळजवळ हेच करते, आणि यात मला मनापासून आनंद वाटतो.

पुरण्याआधी प्रत्येक मडक्याची परीक्षा घ्यावी, हे मी आग्रहानं सांगेन. मडकं पाण्यानं भरून सावलीत कोरड्या फरशीवर ठेवायचं. चांगलं मडकं काही तासांत बाहेरून गडद दिसायला लागतं, हात लावला तर गार आणि दमट लागतं. रात्रभरात त्याच्या बुडाशी ओलसर गोल उमटतो. माझ्या संचातलं एक मडकं दुसऱ्या दिवशीही कोरडं ठणठणीत राहिलं. टिचकी मारली तर इतरांपेक्षा खणखणीत वाजायचं. माती जास्त आचेवर भाजली की छिद्रं बुजत जातात, तसंच याचं झालेलं असावं. दुसऱ्या एका मडक्याला मानेपासून पोटापर्यंत केसाएवढी चीर होती. त्यातलं पाणी रात्रीतच निघून गेलं. विक्रेत्यानं फोटो पाहून चिरलेलं बदलून दिलं. न झिरपणाऱ्याबद्दल मात्र ‘पुरल्यावर सुरू होईल’ एवढंच उत्तर आलं. ते सुरू झालं नाही. जो जमिनीत पुरायचं मडकं विकतो त्याला हा फरक ठाऊक असायला हवा, आणि भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा त्यानं स्वतः पाणी भरून तपासायला हवा. माझ्या मते या संचातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

पुरताना मडक्याच्या पोटाहून हातभर रुंद खड्डा घ्यावा. काढलेल्या मातीत निम्मं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावं, आणि ती माती मडक्याभोवती हातानं दाबत भरावी. मध्ये पोकळी राहिली तर मातीला पाणी ओढता येत नाही. मान दोन बोटं वर राहू द्यावी, म्हणजे माती आणि पाचोळा आत पडत नाही. वर राहिलेल्या मानेला मी बाहेरून तेलरंगाचा हात दिला, कारण तिथून पाणी नुसतं हवेत उडून जातं. सगळ्यावर वाळलेल्या पानांचं आणि गवताचं चार बोटं जाड आच्छादन. हे आच्छादन वगळू नका. मडकं खालून ओल देतं, पण उघड्या तापलेल्या मातीतून ती ओल वरच्या वर उडते.

आता भाज्यांकडे वळते.

सगळ्यात ठळक फरक काकडीत दिसला. काकडी म्हणजे जवळजवळ ९५ टक्के पाणी. वेलाला मधूनमधून तहान सोसावी लागली की फळात कडवटपणा वाढतो, तो देठाकडच्या टोकाला आधी जाणवतो. मोठ्या मडक्याभोवती चार वेल लावले आणि मडकं अर्ध्याखाली जाऊ दिलं नाही, तर ऐन तापत्या दिवसांतली काकडीही देठापर्यंत गोड निघते. सासूबाई काकडीचं देठाकडचं टोक कापून घासल्याशिवाय पुढे जात नाहीत. यंदा त्याच म्हणाल्या, ‘अगं, हिला घासायलाच नको.’

टोमॅटोचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. उन्हाळ्याच्या शेवटाकडे फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. अनेकांना तो रोग वाटतो आणि ते फवारणीच्या मागे लागतात. तो रोग नव्हे. फळाला कॅल्शियम पुरेसं पोचलेलं नसतं. मातीत ते बहुधा असतंच, पण झाडात ते पाण्याबरोबरच चढतं. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं की मिळालेलं पाणी पानं ओढून घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. अंड्याची टरफलं चुरून टाकल्यानं त्या हंगामात काही फरक पडत नाही, कारण ती विरघळायला फार वेळ लागतो. मडक्याजवळच्या टोमॅटोंत हे डाग जवळजवळ थांबले. त्याच वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला, झारीच्या पाण्यावरच्या झाडांत ते दिसत राहिले. पाण्याचा एकसारखेपणा किती मोलाचा आहे ते मला या एका वाफ्यानं दाखवलं.

पण टोमॅटोची फूलगळ मडक्यानं थांबत नाही, आणि थांबेल असं कुणी सांगून विकत असेल तर ते खरं नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रही पुरेशी थंड झाली नाही, तर परागकण नीट तयार होत नाहीत, फूल वाळून गळतं. तो हवेचा प्रश्न आहे, पाण्याचा नव्हे. तसंच फळाच्या रंगाचं. साधारण ३० अंशांच्या वर टोमॅटोचा तांबडा रंग नीट धरत नाही, फळ पिवळट-केशरी राहतं. म्हणून या दिवसांत बुडाशी गुलाबी छटा आली की मी फळ काढून घरात सावलीत ठेवते. ते आत छान लाल होतं, आणि पक्ष्यांच्या चोचीतून व उन्हाच्या चटक्यातून वाचतं.

मिरची आणि वांगं या दोघांना मडकं फार मानवलं. वांग्याचं जुनं, थकलेलं झाड या काळात गुडघ्याएवढं छाटून टाकावं, बुडाशी कंपोस्ट द्यावं. जवळच्या मडक्यात पाणी असेल तर नवी फूट जोमानं येते आणि हवा जरा निवली की ते झाड दुसऱ्यांदा फळावर येतं. छाटणीनंतर नत्राच्या (नायट्रोजनच्या) खताचा मोठा हप्ता मात्र देऊ नये. कोवळी लुसलुशीत पालवी कडक उन्हात करपते आणि मावा ही रस शोषणारी कीड तिच्यावर तुटून पडते.

भेंडीला मडक्याची फारशी गरज नाही. तिचं सोटमूळ खोल जातं आणि उन्हाशी तिचं जमतं. तिला या दिवसांत पाण्यापेक्षा तोडणी हवी. एक दिवसाआड खुडली नाही तर भेंडी जून होते, झाड बी पोसण्याच्या मागे लागतं आणि फुलं कमी करतं. लपून राहिलेली जून फळंही शोधून तोडावीत. दुधीला मोठंच मडकं लागतं. लहान मडकं त्याचा वेल सकाळी भरलं की संध्याकाळपर्यंत रिकामं करतो.

पालेभाज्यांसाठी ही मडकी घेऊ नका. मडकं ओल देतं ती जमिनीखाली, वरचा थर कोरडाच राहतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं बी उगवायला तो वरचाच थर ओला लागतो. रुजून वर आलेली रोपंसुद्धा मडक्याच्या कडेपासून वीतभरापलीकडे असतील तर त्यांना काही मिळत नाही. वालुकामय जमिनीत ओल याहूनही कमी पसरते, ती खाली खाली जाते. चिकणमातीत जास्त लांब पोचते. सबंध वाफा भिजवायचा असेल तर ठिबकच्या नळ्या बऱ्या. त्याच कोरड्या वरच्या थरामुळे तण मात्र फार कमी उगवतं. खुरपं हातात घ्यायची वेळ क्वचित येते, आणि एवढ्या उन्हात हा दिलासा लहान नाही.

कुंड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. लहान कुंडीत दोन लिटरचं मडकं ठेवलं तर मुळांना जागाच उरत नाही. मोठा टब किंवा अर्धं पिंप असेल तर मधोमध मडकं आणि कडेनं तीन-चार मिरच्या ही रचना उत्तम चालते. लहान कुंडीला सावली आणि सकाळचं पाणी यांनाच पर्याय नाही.

गेल्या हंगामाच्या अखेरीस वाफा रिकामा केला तेव्हा एक मडकं उकरून काढलं. खुरपं बाजूला ठेवून हातानंच माती सारत गेले. वरची माती ढेकळांची, राखाडी, बोटांना टोचणारी. चार बोटं खाली गेल्यावर ती काळसर आणि गार झाली, मुठीत धरली की आकार घ्यायला लागली. मडक्याच्या पोटावर पांढऱ्या मुळांची दाट जाळी चढली होती. सुतासारखी बारीक मुळं एकमेकांत गुंफून मातीच्या भिंतीला इतकी चिकटली होती की मडकं उचललं तर त्यांचा सबंध साचा सोबत आला. एक मूळ सोलून पाहिलं, त्याच्या खाली मडक्यावर ओलसर रेघ होती. जाळीत गांडुळंही होती. बाकी वाफ्यात त्या दिवसांत गांडूळ नावाला दिसत नव्हतं. मोठ्या मुळांनी मडकं फोडल्याचं काही जण सांगतात. भाजीपाल्याच्या मुळांनी माझं एकही मडकं फुटलं नाही, पण झाडोऱ्याजवळ किंवा फळझाडाच्या बुंध्याशी ती पुरू नयेत हे बरं.

देखभालीत दोन गोष्टी येतात. पहिली, क्षार. पाणी जड असेल तर छिद्रांत पांढरा थर बसतो आणि झिरपणं मंदावतं. हंगाम संपला की मडकी काढावीत, ताठ ब्रशनं घासावीत, मग पाण्यात व्हिनेगर मिसळून त्यात रात्रभर भिजवावीत आणि स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावीत. माझी एवढ्यानं पूर्ववत झाली. याच कारणासाठी मडक्यात जीवामृत, शेणाचं पाणी किंवा कुठलंही गढूळ द्रवखत ओतू नये. खत द्यायचं ते बाहेरून, मातीवर.

दुसरी गोष्ट झाकणाची, आणि इथे हा संच पुन्हा कमी पडतो. झाकणं पातळ, उथळ आणि जरा सैल आहेत. वाऱ्यानं सरकतात, मांजरानं धक्का दिला तरी पडतात. उघड्या तोंडातून नुसतं पाणीच उडत नाही, आत डासही अंडी घालतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि मडक्यातलं साचलेलं गार पाणी ही त्यांच्यासाठी अगदी सोयीची जागा. मी तोंडावर बारीक जाळीचा तुकडा दोऱ्यानं बांधला आणि वर सपाट कौल ठेवलं. विकणाऱ्यांनी झाकणाला आतून खोल ओठ दिला असता तर हे करावं लागलं नसतं.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण ती उत्पादनाचा दोष नाही पण त्याच्याबरोबर येते. पानांवर पाणी पडत नाही याचे फायदे आहेत: मातीचे शिंतोडे उडत नाहीत, खालच्या पानांवरचे ठिपके कमी होतात. पण कोरड्या, धुळकट पानांवर लाल कोळी हा बारीक किडा फार वाढतो. तो पानाच्या मागच्या बाजूला असतो. पान वरून बारीक पिवळ्या टिपक्यांचं दिसायला लागतं आणि मागे कोळिष्टकासारखं जाळं धरतं. झारी बंद झाली की वाफ्यातून रोजची फेरीही बंद होते आणि हे वेळेवर दिसत नाही. मी ठरवून पहाटे वाफ्यात जाते, पानं उलटून पाहते, गरज वाटली तर पानांच्या मागून पाण्याचा जोरकस फवारा मारते. सकाळी मारलेला फवारा ऊन चढेपर्यंत वाळून जातो.

ठिबकशी तुलना अनेक जण विचारतात. टायमर लावलेला ठिबक संच मोठ्या बागेला, आणि वारंवार बाहेर जाणाऱ्यांना निःसंशय सोयीचा. पण त्याला पाण्याचा दाब हवा, गाळणी हवी, तुंबलेले ड्रिपर साफ करायला हवेत. शिवाय टायमरला हवा कळत नाही, ढगाळ दिवशीही तो तेवढंच पाणी सोडतो. मडक्याला यातलं काही लागत नाही. त्याला लागतो तो भरणारा माणूस. मोठं मडकं ऐन उन्हात दोन-तीन दिवस पुरतं, लहान रोज भरावं लागतं. आमच्याकडे सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, तरी त्या लांब नळीचं नरसाळं लावून उभ्या उभ्या सगळी मडकी भरतात. भरलेली झारी उचलून वाफाभर फिरणं त्यांना शक्य नव्हतं. पाणीही पूर्वीच्या निम्म्याहून कमी लागतं.

घरच्या घरी करायचं असेल तर बुडाला भोक असलेली साधी मातीची कुंडी घेऊन भोक सिमेंटनं बुजवावं आणि वर बशी झाकावी. काम होतं. फक्त कुंडीचं तोंड रुंद असल्यानं पाणी जास्त उडतं आणि वाफ्यातली जागाही जास्त जाते. अरुंद मानेच्या मडक्याचा फायदा इथे कळतो. ज्यांना एकदाच करून बघायचं आहे त्यांनी कुंडीपासून सुरुवात करावी. जमिनीत चार-पाच टोमॅटो, मिरच्या, एखादा काकडीचा वेल असेल, तर तयार मडकी घ्यायला हरकत नाही.

मडकं आहे म्हणून सावली नको, असं मात्र समजू नये. दुपारच्या उन्हात ढोबळी मिरचीच्या फळावर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात ते उन्हाच्या चटक्याचे, तहानेचे नव्हेत. ३५ ते ५० टक्के सावलीची शेडनेट पश्चिमेकडून तिरकी बांधली तर सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं अडतं. पुढच्या हंगामाची कोबी-फ्लॉवरची रोपं याच जाळीखाली ट्रेमध्ये करावीत, कारण ती तयार व्हायला चार-पाच आठवडे लागतात आणि हवा बदलण्याची वाट पाहत बसलं तर उशीर होतो. त्या ट्रेला पाणी झारीनंच, बारीक धारेनं.

घेणाऱ्यांनी शक्यतो मोठंच माप घ्यावं. लहान मडकी फक्त टबासाठी ठीक आहेत, वाफ्यात त्यांची ओल पुरत नाही आणि भरण्याची दगदग वाचत नाही. विक्रेत्याला आधीच विचारावं: न झिरपणारं मडकं बदलून मिळेल का? हो म्हणाला तरच मागवावं. मी स्वतः दुधीसाठी आणखी मोठी मडकी मागवते आहे. या वेळी झाकणाशिवाय, कारण कौलं घरात आहेत.